विहिरीत कुणी नाही

गावाचं पाणी आणि सांडपाणी कंपनीच्या ताब्यात गेलं, त्या दिवशी पालिकेसमोरच्या चौकात एक चकचकीत नळ उभा केला होता. नगराध्यक्षांनी तो फिरवला, पाणी आलं, टाळ्या झाल्या. आता दिवसभर पाणी, नळ कधीही सोडा, असं माईकवरून सांगण्यात आलं. गटाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. करारात तेही होतं, पण नाकाला रुमाल लावून फीत कापता येत नाही, म्हणून त्याचं उद्घाटन राहूनच गेलं.

गर्दीच्या कडेला दोघे भाऊ उभे होते. दोघेही पालिकेच्या मैलापाणी खात्यातले, त्यामुळे कडेला उभं राहायची त्यांना सवयच होती. थोरला विहिरीत उतरायचा आणि धाकटा पंप चालवायचा. विहीर म्हणजे गावाबाहेरच्या पंपघरातली. सगळ्या गावाची घाण उताराने तिथे येते आणि पंप ती उपसून पुढच्या शुद्धीकरणाच्या तलावांकडे ढकलतो. गावाने वापरायचं आणि विसरायचं, लक्षात ठेवायचं काम या दोघांचं.

"टाळ्या वाजव की," थोरला म्हणाला. "उद्यापासून यांचंच मीठ खायचंय."

"तू वाजव. माझे हात खिशात बरे आहेत."

थोरल्याने खरंच वाजवल्या, त्याही सगळ्यांच्या वाजवून झाल्यावर. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं, तसा तो गंभीर चेहरा करून आभाळाकडे बघू लागला. आयुष्यभर लोकांच्या घाणीत कमरेपर्यंत उभा राहिलेला माणूस, पण थट्टेची खोड काही गेली नव्हती. धाकट्याचं मन मात्र त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पंपघरात एक रीत होती. ती घालून देणारे कधीच गेले होते, रीत तेवढी मागे राहिली होती. पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिच्यात चिंध्या, पिशव्या, केसांचे बोळे, नाही नाही ते अडकतं आणि माणसाने खाली उतरून हाताने काढावं लागतं. त्यासाठी आधी पंप चालवून विहीर उपसायची, मग गावाकडून येणाऱ्या वाहिनीचा दरवाजा बंद करायचा, म्हणजे नवी घाण आत येत नाही. दरवाजा आणि पंप दोन्ही एकाच पॅनेलवर होते आणि पॅनेलला एकच पितळी किल्ली होती. ती काढली की दोन्ही मुके. जो खाली उतरेल त्याने ती किल्ली आपल्या खिशात घालून उतरायचं, अशी ती रीत. वरच्याच्या हातात द्यायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. वरचा सख्खा भाऊ असला तरी नाही.

"तुझा माझ्यावर जीव आहे हे खरं," किल्ली खिशात टाकताना थोरला दर वेळी म्हणायचा, "पण तुला डुलकी लागते हेही तितकंच खरं."

मग तो शिडीवरून खाली जायचा. धाकटा कठड्याशी दोर धरून उभा राहायचा आणि खालून शिव्या ऐकू येत राहिल्या की त्याला बरं वाटायचं. शिव्या थांबल्या तर घाबरायचं, असा त्यांचा हिशेब होता.

नव्याचे नऊ दिवस झाले, पण नळाचं पाणी खरंच टिकलं. लोकांनी अंगणं धुतली, गाड्या धुतल्या, धुतलेल्या गाड्या पुन्हा धुतल्या. सकाळी हंडा घेऊन भांडणाऱ्या बायका आता नळ सोडून आत गप्पा मारत बसू लागल्या. कंपनीचं नाव झालं, आणि ते काही फुकटचं नव्हतं. फक्त एवढंच, की नळातून जे येतं ते मोरीतून जातंच. नळाचे पाइप नवे कोरे होते आणि खालचं गटार होतं तेच, आजोबांच्या काळचं, विटांचं. नळ घरात दिसतो, गटार रस्त्याखाली असतं. कंपनीने जिथे दिसेल तिथे हात सैल सोडला. यात तिचं काही चुकलं असंही कुणाला वाटलं नाही, कारण खाली बघायची कुणालाच हौस नव्हती.

धाकट्याला बढती मिळाली. बाजाराच्या वरच्या मजल्यावर कंपनीने एक काचेची खोली बांधली, तिला कंट्रोल रूम म्हणायचे. गार हवा, निळा शर्ट, फिरती खुर्ची, आणि समोर भिंतभर पडदा. त्यावर गावातल्या सगळ्या टाक्या, सगळे पंप, सगळे दरवाजे रंगीत पट्ट्यांनी दाखवलेले. पंप ओळखणारा माणूस हवा म्हणून त्याला तिथे बसवलं. त्याची आई खाटेला खिळलेली होती, पण जीभ शाबूत होती. येईल त्या शेजारणीला ती सांगायची, "धाकटा आता कॉम्प्युटरवर गटार चालवतो. हाताला वासही लागत नाही."

तिथल्या साहेबांना सगळे पाठीमागे चकाचक साहेब म्हणायचे, कारण काहीही सांगितलं तरी शेवटी "मग काय, चकाचक!" असं ते म्हणत. तरुण होते, हसतमुख होते, चहा स्वतःच्या हाताने ओतून देत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर एक वेळ परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी पडद्यावरचं हिरवं बटण दाखवलं. "पंपघरात आता कुणी बसायची गरज नाही. लाइन भरली की इथून हे दाबायचं. दरवाजा उघडतो, पंप सुरू होतो. एकदम."

"आणि पॅनेलची किल्ली काढलेली असली तर?"

"तरीही. किल्ली लोकल आहे, तिथल्या पॅनेलपुरती. हे तिच्या वरचं आहे. म्हणून तर बसवलं."

धाकटा पडद्याकडून साहेबांकडे वळला. "साहेब, किल्ली काढतात ती खाली माणूस असतो म्हणून."

"असायचा," साहेब हसून म्हणाले. "आता माणूस उतरवायचाच नाही, तसं करारात स्पष्ट लिहिलंय. जाळी मशीन साफ करणार. माणसाने मैल्यात का उतरावं? तुम्हीच सांगा."

वाक्य तर सोन्यासारखं होतं. मशीनही आलं. पंपघराच्या फाटकातून ते आत जाईना, म्हणून रस्त्यावरच उभं राहिलं. त्याच्याशेजारी नगराध्यक्षांचा फोटो निघाला आणि मशीन दुसऱ्या गावी निघून गेलं. जाळीत चिंध्या अडकायच्या मात्र थांबल्या नाहीत. त्यांना करार वाचता येत नव्हता.

आता उतरणारे नकोत, म्हणून कंपनीने उतरणाऱ्यांना घरी बसवलं. महिन्याभरात एका ठेकेदाराने त्यांनाच बोलावून घेतलं, पंपघराभोवतीची हिरवळ राखायला. कागदावर थोरला माळी झाला. पंप धापा टाकायला लागला की ठेकेदाराचा निरोप यायचा, "बागेत जरा काम आहे." मग हा माळी दोर घेऊन विहिरीत उतरायचा. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. चकाचक साहेबांनाही माहीत असावं. पण विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, म्हणून ते विचारत नसत.

धाकट्याने थोरल्याला सगळं समजावलं. किल्ली खिशात असली तरी आता दरवाजा उघडू शकतो, पंप चालू होऊ शकतो, हे त्याने चार वेळा चार प्रकारे सांगितलं. थोरल्याने ऐकून घेतलं. मग दोघांनी मिळून एक तोड काढली. उतरण्याआधी थोरल्याने फोन करायचा, "उतरतोय" एवढंच म्हणायचं, आणि वर आल्यावर दुसरा फोन. मधल्या वेळात धाकटा त्या हिरव्या बटणाला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. हे बरेच महिने नीट चाललं. कंट्रोल रूममधली बाकीची माणसं म्हणायची, याची मैत्रीण कोण आहे बुवा, दोन शब्द बोलून ठेवून देते.

मग कंपनीने फोन बंद केले. कुणीतरी कामावर सिनेमा बघताना सापडला, आणि एकाच्या पापाने सगळे बुडाले. आल्याबरोबर फोन खाली पहारेकऱ्याकडे कपाटात ठेवायचा, पाळी संपली की घ्यायचा. कंपनीचे दोन फोन होते. एक तक्रारींचा, त्यावर फक्त आलेले फोन घेता यायचे, आणि दुसरा साहेबांच्या टेबलावर.

त्या संध्याकाळी धाकटा खालच्या आळीत, आईच्या आणि थोरल्याच्या घरी गेला. वहिनी आत आईला भरवत होती. दोघींच्या कानावर काही जाऊ नये म्हणून दोघे भाऊ पायरीवर बसले.

"दादा, मी ड्युटीवर असताना उतरू नकोस."

"आणि तू नसताना उतरू? तेव्हा कोण बसतो तिथे? तो चष्मेवाला? त्याला पंप आणि पंखा यातला फरक कळतो का?"

"मग उतरूच नकोस. सोड ते काम."

"सोडतो. आईच्या औषधाचे पैसे काय बागेतली पानं विकून आणायचे?" थोरला हसला, मग हसू आवरून म्हणाला, "हे बघ, किल्ली काढली की तुझ्या पडद्यावर दिसतं ना?"

"दिसतं. 'किल्ली नाही' असं लाल अक्षरात येतं."

"मग झालं तर! किल्ली नाही दिसली की समजायचं, दादा खाली आहे. फोन कशाला हवा? आधी मी किल्ली खिशात घालत होतो ती तुझा भरवसा नव्हता म्हणून. आता तुझा भरवसा आहे म्हणून घालीन. बटण तुझ्या हातात आहे. मला कसली भीती?"

धाकट्याला वाटलं, यापेक्षा भावाने दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतका भरवसा अंगावर घेऊन कसं जगायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने मान डोलावली.

पुढे जे झालं त्यात पितळेचाही वाटा आहे. पंपघरांवरचे पहारेकरी काढले होते आणि पितळ भंगारात चांगलं खपतं. गावात अशी आणखी पंपघरं होती, लहान लहान. एक दिवस त्यातल्या एकाच्या ओळीत लाल अक्षरं उमटली, किल्ली नाही. धाकट्याने बटण रोखून धरलं, लाइन तुंबली, रस्त्यावर घाण आली, आणि माणूस पाठवून बघितलं तर पंपघर रिकामं. किल्ली चोराने नेली होती. पंधरवड्याने दुसरीकडे तेच झालं. मग तिसरीकडे. दर वेळी धाकटा अडून बसायचा आणि दर वेळी तोंडघशी पडायचा. साहेब रागावले नाहीत. फक्त एकदा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही फार काळजी करता. चांगलं आहे. पण गाव बुडवून काळजी करायची नसते." बाकीचे त्याला "किल्लीवाले बाबा" म्हणायला लागले. तोही हसायचा. हळूहळू लाल अक्षरं दिसली की छातीत धस्स व्हायचं ते कमी झालं. माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. भीतीचाही त्याला कंटाळा येतो.

तो दिवस सुट्टीच्या आदल्या दिवसासारखा आळसावलेला होता. खाली बाजार भरला होता. ऊन चढलं होतं. धाकटा पहिला चहा संपवून पडद्याकडे वळला आणि त्याला गावाबाहेरच्या मोठ्या पंपघराच्या ओळीत अक्षरं दिसली. किल्ली नाही. दरवाजा बंद. पंप बंद.

पहिला विचार योग्य तोच आला. दादा खाली आहे.

त्याने बटण रोखून ठेवलं. जाळी साफ करायला थोरल्याला फार वेळ लागत नसे. धाकटा खुर्चीत पुढे सरकून बसला आणि त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. ती पुसली जाण्याची वाट पाहायची, बस्स, एवढंच काम होतं. पण शेजारची पट्टी, गावाकडून येणाऱ्या लाइनची, वर सरकू लागली होती. पूर्वी दरवाजा बंद केला तर ही पट्टी निवांत चढायची. आता दिवसभर नळ वाहत होते, गाव दिवसभर धूत होतं, आणि पट्टी बघता बघता पिवळी होऊन लाल झाली.

तक्रारींचा फोन वाजू लागला. खालच्या आळीत चेंबरची झाकणं उचलली गेली होती. शाळेच्या मागे रस्त्यावर पाणी आलं होतं. फोनवर बसणारी मुलगी एक ठेवून दुसरा उचलत होती. साहेब आतून बाहेर आले, पडद्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं.

"बटण का दाबलं नाही?"

"किल्ली नाहीये, साहेब. माणूस आहे खाली."

"पुन्हा?"

"या वेळी खरंच आहे. ते मोठं पंपघर आहे. तिथे माझा भाऊ..." त्याने वाक्य तोडलं. माळी विहिरीत कसा, याचं उत्तर दिलं असतं तर थोरल्याची नोकरी गेली असती. पण तो अडखळला तो क्षणभरच. "माझा भाऊ उतरतो तिथे, साहेब. ठेकेदार उतरवतो."

साहेबांनी कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. पंपघराचं पुढचं दार बंद होतं. हिरवळ छान कापलेली होती. माणूस नव्हता, गाडी नव्हती. साहेबांनी टेबलावरचा फोन उचलून ठेकेदाराला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"मी बोलतोय. मोठ्या पंपघरात विहिरीत तुमचा माणूस आहे का?"

पलीकडे ठेकेदार आधी खाकरला.

"विहिरीत? छे हो साहेब! आपण माणूस उतरवतो का कधी? करारातच नाही."

"खरं सांगा," धाकटा ओरडला. "दादा आहे का खाली?"

"कुणी नाही म्हटलं ना. विहिरीत कुणी नाही."

"मग किल्ली कुठे गेली?"

"गेली असेल चोरीला. पितळ आहे." आणि त्याने फोन ठेवला.

पंपघराकडे माणूस पाठवावा तर गावाचं दुसरं टोक, तोपर्यंत खालच्या आळीचं तळं झालं असतं. तेवढ्यात तक्रारीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "तुमच्या घरून आहे. वहिनी."

धाकट्याने धावत जाऊन फोन घेतला.

"भाऊजी," वहिनीला रडू आवरत नव्हतं, "मोरीतून सगळं वर येतंय हो! खोलीत गुडघ्याएवढं झालंय. आईंच्या खाटेला लागलंय. मला एकटीला उचलवत नाहीत त्या. शेजारचे आपापलं सामान काढतायत. पंप लावायला सांगा ना कुणाला तरी!"

"वहिनी, दादा कुठाय?"

"बाजारात."

"कामावर नाही गेला?"

"आज सुट्टी आहे त्यांना. मीच पिशवी देऊन पाठवलंय. मी दारात उभी राहून बघितलं, बाजाराच्या रस्त्याने गेले ते."

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे काय? भाऊजी, आईंच्या तोंडापर्यंत येईल आता!"

"त्याला फोन लावा. शेजाऱ्याच्या फोनवरून लावा. मी थांबतो."

ती ओरडून कुणाला तरी सांगताना ऐकू आली. पाण्यात चालल्याचा आवाज आला, आईचा क्षीण आवाज आला, "धाकट्याला सांग, धाकट्याला सांग." मग वहिनी परत आली. "वाजतोय, पण उचलत नाहीत. बाजारात त्यांना कधी ऐकू येतं का? भाऊजी, पाया पडते तुमच्या."

धाकटा फोन ठेवून पडद्यासमोर आला. ठेकेदार म्हणत होता, कुणी नाही. कॅमेरा म्हणत होता, कुणी नाही. करार म्हणत होता, कुणी असूच शकत नाही. आणि आता ज्या बाईच्या कपाळी सगळं येणार होतं तीही म्हणत होती, तो बाजारात आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या बाजूला एक किल्ली होती. आजवर अशी किल्ली तीनदा चोरीला गेली होती आणि तिन्ही वेळा तो वेड्यात निघाला होता.

साहेब हळूच म्हणाले, "तुमचंच घर आहे. तुम्हीच ठरवा."

त्याला आईचं तोंड दिसलं. भाऊ दिसला तो बाजारात, वांग्याच्या ढिगासमोर उभा राहून भाव पाडताना. तसाच दिसावा असं त्याला फार फार वाटत होतं, म्हणून तो दिसला. धाकट्याने बटण दाबलं.

दरवाजा हिरवा झाला. पंप हिरवा झाला. लाल पट्टी क्षणभर थरथरली आणि खाली येऊ लागली. मुलीने टाळी वाजवली. साहेबांनी पाठ थोपटून म्हटलं, "बघा. चकाचक." धाकटाही हसला. कितीतरी वेळ तो पंपाच्या ओळीकडे बघत राहिला. पंप सुरळीत चालत होता. त्यात काहीच वेगळं नव्हतं. तरी त्याला खुर्चीत बसवेना.

"मी जरा खाली जाऊन येतो," तो म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरला.

पहारेकऱ्याने कुरकुरत कपाट उघडलं. फोनवर दादाचा फोन येऊन गेला होता. एकदा नाही, दोनदा. दोन्ही लाल अक्षरांच्या आधीचे. फोन कपाटात असतो हे माहीत असून दादाने केले होते, जुन्या सवयीने किंवा उगाच मनाच्या समाधानासाठी. धाकट्याने तिथूनच वर तोंड करून "पंप बंद करा!" अशी बोंब ठोकली, दोन-तीनदा, घसा फाटेपर्यंत. मग पहारेकऱ्याची स्कूटर घेतली आणि बाजारातून, माणसांना चुकवत, हॉर्नवरचा हात न काढता तो सुटला. जाताना प्रत्येक भाजीवाल्यासमोर त्याची नजर जात होती. अजूनही त्याला आशा होती. आशेला लाज नसते.

ठेकेदाराची गाडी पंपघराच्या मागे उभी होती, कॅमेरा पोचत नाही तिथे. मागचं दार सताड उघडं होतं. आत माणसं उभी होती, पण कुणी हलत नव्हतं. पंप थांबला होता, वाहिनीचा दरवाजा मात्र उघडाच होता. कठड्यावरून दोर खाली सोडलेला होता आणि तो सरळ, सैल लटकत होता. भिंतीशी बाजाराची पिशवी टेकवून ठेवली होती, तिच्यातून वांगी डोकावत होती. तिच्यावर घडी करून सदरा ठेवला होता आणि सदऱ्यावर फोन.

विहिरीत पाणी वरपर्यंत आलेलं होतं. काळं, शांत. कुणीही शिव्या देत नव्हतं.

धाकट्याने ठेकेदाराची गचांडी धरली. ठेकेदाराने सोडवून घेतली नाही. तो मोठा धटिंगण माणूस लहान मुलासारखा रडत होता.

"वाटेत भेटला तो. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, करून जा. लगेच हो म्हणाला."

"मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालास? मी ओरडून विचारलं तुला!"

"साहेब फोनवर होते. त्यांच्यासमोर कसं सांगू, माणूस उतरवलाय म्हणून? ठेका गेला असता."

"ठेका!"

"अरे, पण किल्ली त्याच्या खिशात होती!" ठेकेदार हुंदका देत म्हणाला. "माझ्यासमोर टाकली त्याने. किल्लीशिवाय दरवाजा उघडतो का कधी? मला वाटलं, मी नाही म्हटलं तरी काय बिघडतंय? किल्ली आहे ना."

धाकट्याच्या हातातून गचांडी सुटली. या माणसाला मारावं असं त्याला फार वाटत होतं, पण हात उचलेना. ठेकेदार खोटं बोलला तो किल्लीवर विश्वास ठेवून. दादा खाली गेला तो धाकट्यावर विश्वास ठेवून. सगळ्या गावात एकच माणूस असा होता की ज्याला त्या किल्लीचा खरा अर्थ माहीत होता, आणि त्यानेच तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तो कठड्याशी खाली बसला. त्याला रडूही येत नव्हतं.

धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. वहिनीचा होता. त्याने तो कानाला लावला, कारण न लावणं त्याहून वाईट होतं.

"उतरलं हो, भाऊजी!" वहिनी हसत होती, रडत होती. "झर्रकन उतरलं सगळं. आई बऱ्या आहेत. शेजारच्यांना सांगतायत, माझ्या धाकट्याने वाचवलं म्हणून. तुमचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. आता घर धुवायला घेते. हे आले की यांनाही लावते कामाला. बाजारात गेले की यांना वेळेचं भान राहत नाही. तुम्हाला दिसले तर पाठवून द्या हं."

धाकट्याने ओठ हलवले. समोर दोन माणसं गळ लावलेला लांब बांबू पाण्यात सोडत होती.

"भाऊजी? ऐकताय ना?"

"हो, वहिनी," तो म्हणाला. "घेऊन येतो त्याला."